काटेरी झाड लावायचं की शोभेचं गवत? निवडीपासून छाटणीपर्यंत, क्रमाने

साताऱ्या-सांगलीकडे घराभोवतीची बाग बहुतेक वेळा उलट्या क्रमाने होते. जूनच्या पहिल्या पावसानंतर नर्सरीत चक्कर होते, जांभळ्या तुऱ्यांचं गवत किंवा कलमी बोराचं रोप डोळ्यांत भरतं, गाडीच्या डिकीत बसतं आणि घरी आल्यावर ते कुठं लावायचं याचा शोध सुरू होतो. मग जो कोपरा मोकळा दिसेल तिथं ते जातं. तो कोपरा मोकळा का होता, हे दोन वर्षांनी कळतं. कधी खालून ड्रेनेजची पाइप गेलेली असते, कधी तिथं पाणी तुंबतं, कधी दुपारनंतर शेजारच्या इमारतीची सावली येते.

दुसरी चूक तुलनेतली. नर्सरीत दोन्ही रोपं सारख्याच पिशवीत, सारख्याच उंचीची असतात आणि आपण त्या दिवसाची तुलना करतो. ती पाचव्या वर्षाची करावी. काटेरी झाड पहिली तीन वर्षं राबवून घेतं, नंतर वर्षाला एका छाटणीवर भागतं. पण एकदा वाढलं की हलत नाही. गवताचं उलटं आहे. सहा महिन्यांत जागा भरते, मग दरवर्षीची कापणी आणि दर तीन वर्षांनी ठोंब खणून फोडणं मागे लागतं. पण नको झालं तर एका दुपारीत काढून टाकता येतं. पुढचे सगळे टप्पे याच हिशेबाने मांडले आहेत. मार्चमध्ये सुरुवात केलीत तर जूनच्या लावणीला घाई होत नाही.

## टप्पा १: त्या जागेकडून काम काय हवंय ते ठरवा

कागदावर एकच वाक्य लिहा: ‘या जागेने माझ्यासाठी अमुक करावं.’ सावली, फळ, जनावरं अडवणं, रस्त्यावरची नजर अडवणं, उताराची माती धरणं, की नुसती शोभा? घरातल्या चौघांना विचाराल तर चार कामं निघतील. त्यातलं एकच निवडा.

सावली आणि फळ गवत देणार नाही. पायवाटेच्या कडेची दीड फुटाची पट्टी काटेरी झाडाला पुरणार नाही. शेळ्या-म्हशी अडवायच्या असतील तर शोभेचं गवत म्हणजे त्यांना आमंत्रण. आणि नुसतं कुंपणच हवं असेल तर या लेखातलं झाडही नको, गवतही नको. करवंदाची ओळ लावा आणि मोकळे व्हा.

सावधान: ‘आत्ता लावू, नको वाटलं तर तोडू’ हा विचार झाडाच्या बाबतीत शहरात चालत नाही. सांगली-मिरज-कुपवाड महानगरपालिका असो की सातारा नगरपालिका, नागरी हद्दीत आपल्याच अंगणातलं झाड तोडायलाही वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. १९७५ चा महाराष्ट्राचा झाडांच्या संरक्षणाचा कायदा तेच सांगतो. गवताला असलं काही लागत नाही. मन अजून डळमळत असेल तर यंदा गवत लावा, झाड पुढच्या वर्षी.

## टप्पा २: मार्च-एप्रिलमध्ये जमीन तपासा

हा टप्पा जवळजवळ सगळे गाळतात आणि नंतरची निम्मी रोपं इथंच मरतात. आपल्या दोन जिल्ह्यांत जमीन आणि पाऊस इतके बदलतात की साताऱ्यातल्या मित्राचा सल्ला जतमध्ये चालेलच असं नाही. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्याच जिल्ह्यात माण-खटावला पाचशेच्या आसपास. कृष्णाकाठी काळी भारी जमीन. जत, आटपाडीकडे वितभर मातीखाली मुरूम.

पाणी मुरण्याची चाचणी. जिथं लावायचं तिथंच दीड फूट लांब, रुंद, खोल खड्डा घ्या. संध्याकाळी काठोकाठ पाणी भरा आणि मुरू द्या. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा भरा आणि आता घड्याळ बघा. चार-सहा तासांत खड्डा रिकामा झाला तर बहुतेक सगळं येईल. तिसऱ्या दिवशीही तळाशी पाणी दिसत असेल तर लिंबाचं नाव काढू नका. दुसऱ्यांदा भरणं महत्त्वाचं आहे. उन्हाळ्यातली भेगाळलेली काळी माती पहिलं पाणी गटागटा पिते आणि निचरा उत्तम आहे असा भास होतो.

चुनखडी. खड्ड्याच्या तळाची मूठभर कोरडी माती वाटीत घेऊन वर व्हिनेगर ओता. फसफसली तर चुनखडी आहे. अशा जमिनीत लिंबाची कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या राहतात, कारण चुन्यामुळे लोह मुळांना मिळत नाही. कितीही खत घाला, तो पिवळेपणा जात नाही. बोराला याचं फारसं वाटत नाही.

खारवटपणा. वाळवा-मिरज पट्ट्यात जिथं वर्षानुवर्षं उसाला पाट वाहिला तिथं प्लॉट पडले आहेत. उन्हाळ्यात मातीवर पांढरी पापडी दिसली, किंवा ओली माती बुटाला चिकटून सुटता सुटत नसली, तर माती परीक्षण करून घ्या. सामू (pH) साडेआठच्या वर आला तर झाडात बोर आणि गवतात वाळा, एवढेच दोन पर्याय धरा.

ऊन. सकाळी नऊ, दुपारी एक आणि चार अशा तिन्ही वेळी जागा बघा. एप्रिलमधलं ऊन फसवतं. तेव्हा सूर्य डोक्यावर असतो. दक्षिणेला उंच इमारत असेल तर डिसेंबरात तिची सावली अंगणात लांबवर शिरते. दोघांनाही दिवसातून सहा तास ऊन हवं. कमी ऊन मिळालेलं झाड वाकडं का होईना वाढतं. गवत मात्र लोळतं आणि तुरे धरत नाही.

तपासा: वर तारा, खाली पाइप, बाजूला पाण्याची टाकी, बोअर, शोषखड्डा. घर बांधताना काढलेले फोटो मोबाइलमध्ये असतील तर आता कामाला येतात.

## टप्पा ३: आता उमेदवार निवडा

### काटेरी झाडं

बोर. कोरडवाहू भागासाठी पहिला पर्याय. मुळं खोल जातात, एप्रिल-मेमध्ये झाड जवळजवळ झोपलेलं असतं आणि तेव्हा त्याला पाणी नकोच असतं. टँकरवर जगणाऱ्या गावात ही मोठी गोष्ट आहे. कलमी रोप घ्या. उमराण, कडाका, मेहरूण या जाती सहज मिळतात. बोराची फांदी हातात धरून जवळून बघा: पानाच्या बुडाशी बहुधा दोन काटे असतात, एक सरळ आणि दुसरा मागे वळलेला आकडा. सरळ काटा हात पुढे नेताना टोचतो, आकडा मागे घेताना अडकतो. म्हणून बोराची फांदी ओढायची नाही. शर्ट अडकला तर आधी थांबायचं, थोडं पुढे सरकायचं आणि मग सोडवायचं. घरात लहान मुलं असतील तर हे झाड खेळायच्या जागेपासून लांब ठेवा.

कागदी लिंबू. वर्षभर स्वयंपाकघराला उपयोगी, आकाराने आटोपशीर. पण पाणी साचणं अजिबात खपवून घेत नाही. बुंध्याला सतत ओल राहिली की साल फुटून डिंक गळतो. २०१९ आणि २०२१ ला सांगलीत जिथं पुराचं पाणी शिरलं होतं, त्या सखल भागात लिंबू लावणं म्हणजे जुगार. जात घ्यायची तर राहुरीच्या कृषी विद्यापीठाची ‘साई सरबती’ किंवा ‘फुले सरबती’ मागा.

विलायती चिंच. भराभर वाढते, हलक्या जमिनीत येते, पक्षी येतात, सावली दाट पडते. पण आडवीतिडवी वाढते, फुटवे थांबत नाहीत. दोन गुंठ्यांच्या प्लॉटवर ती मी लावणार नाही. फार्महाउस असेल, माळावर घर असेल, तर जरूर.

पांगारा. फेब्रुवारी-मार्चमधल्या लाल फुलांसाठी लोक लावतात. लाकूड ठिसूळ असतं, वळवाच्या वाऱ्यात फांदी मोडते. गाडी लावायच्या जागेवर नको.

वेडी बाभूळ कोणी फुकट दिली तरी आणू नका. शेळ्या शेंगा खातात, बी लेंडीतून सगळ्या माळावर पसरतं आणि मुळासकट काढायला पुढे जेसीबी लागतो.

### शोभेची गवतं

जांभळं फाउंटन गवत. नर्सरीत सर्वांत जास्त खपणारं. तीन-साडेतीन फूट उंच, कमानीसारखे तुरे. या जांभळ्या प्रकाराला रुजणारं बी जवळजवळ धरत नाही, म्हणून तो ठोंब फोडूनच वाढवतात. याचा हिरवा भाऊ मात्र वाऱ्यावर बी उडवतो आणि मोकळ्या माळात घुसतो. कास, ठोसेघर, बामणोलीच्या बाजूला घर असेल तर हिरवा प्रकार अजिबात लावू नका. तिथल्या सड्यांवरची नाजूक फुलं अशा गवताशी झुंजू शकत नाहीत.

पंपास. फोटोत दिसतं ते पांढऱ्या तुऱ्यांचं उंच गवत. एका ठोंबाला पाच-सहा फुटांचा घेर लागतो, पानाची धार ब्लेडसारखी चिरते. गंमत अशी की काट्यांना घाबरून गवताकडे वळलेले लोक नेमकं हेच उचलतात. काटा दिसतो तरी, ही धार रक्त आल्यावर कळते.

वाळा. दिसायला साधा, म्हणून दुर्लक्षित. उतारावरची माती धरायला याच्या तोडीचं दुसरं गवत नाही. मुळं दोन-तीन मीटर सरळ खाली जातात, बाजूला पसरत नाहीत, शेजारच्या झाडाच्या अन्नात फारशी वाटणी मागत नाहीत. काही दिवस पाण्याखाली राहिला तरी पुन्हा फुटतो. दाट ओळीत लावला आणि वरून नीट कापत राहिलं तर शोभाही देतो.

गवती चहा. लिंबाच्या वाफ्यात कुठंतरी असतोच. त्याला शोभेचं गवत म्हणायला काही हरकत नाही, आणि चहालाही होतो.

### माझा कौल

माण, खटाव, जत, आटपाडी, कवठे महांकाळ: बोर, गवत लावायचं तर वाळा. सातारा शहर, कोरेगाव, कराडकडची मध्यम, निचऱ्याची जमीन: लिंबू किंवा फाउंटन गवत, दोन्ही चालतात. सांगली-मिरजेची काळी भारी जमीन: उंचवटा करायची तयारी असेल तरच झाड, नाहीतर वाळा. पाटण, जावळी, महाबळेश्वर: बोराच्या फळांवर भुरी आणि लिंबाच्या पानांवर खैऱ्या हे रोग पाठ सोडत नाहीत, म्हणून उतारावर वाळा आणि काटेरीत करवंद.

## टप्पा ४: जमिनीवर आखा

रोप आणायच्या आधी फक्की घेऊन जमिनीवर पूर्ण वाढीचा घेर काढा. बोराला पंधरा फूट व्यास, लिंबाला बारा, पंपासला सहा, फाउंटन गवताला तीन. मग त्या घेराबाहेरून गाडी वळवून बघा, कपडे वाळत घाला, गेट पूर्ण उघडा. दोन दिवस तो घेर तसाच राहू द्या. घरातल्या कुणाच्या ना कुणाच्या वाटेत तो येतोच, आणि हे भांडण फक्कीवर झालेलं बरं.

झाड भिंतीपासून किमान आठ-दहा फूट, शोषखड्ड्यापासून पंधरा. शेजाऱ्याच्या कंपाउंडवर फांद्या जाणार असतील तर आत सरका. शेजाऱ्याच्या अंगणात पडलेला बोराचा काटा चपलेतून पायात जातो आणि मग संबंध बिघडतात. गवत भिंतीपासून दोन फूट सोडून लावलं तरी पुरे. मात्र पेट्रोलची गाडी, गॅस सिलिंडर आणि चूल यांपासून ते लांब हवं. जानेवारीनंतर वाळलेलं गवत म्हणजे सरपण.

## टप्पा ५: मे महिन्यात खड्डे

झाडासाठी चांगल्या मातीत दोन फूट लांब, रुंद, खोल. मुरमात तीन फूट. वरची एक फुटाची माती एका बाजूला, खालची दुसऱ्या बाजूला टाका. खड्डा तीन-चार आठवडे उन्हात तापू द्या. भरताना वरची माती, दोन घमेली पूर्ण कुजलेलं शेणखत, एक किलो निंबोळी पेंड आणि अर्धा किलो सिंगल सुपर फॉस्फेट एकत्र करून घाला. पाणी बसल्यावर माती खचते, म्हणून जमिनीच्या वर चार-सहा इंच ढीग राहू द्या.

सावधान: काळ्या जमिनीत ‘निचरा व्हावा’ म्हणून खड्ड्यात वाळू आणि मुरूम भरतात. परिणाम उलटा होतो. चारी बाजूंना घट्ट चिकणमाती, मध्ये भुसभुशीत भर. आजूबाजूचं सगळं पाणी त्यात उतरतं आणि खड्ड्याचा हौद होतो. भारी जमिनीत खड्डा लहान ठेवा, तीच माती परत भरा आणि वर एक-दीड फुटाचा, चार फूट रुंद उंचवटा करून त्यावर रोप लावा.

शेणखताबद्दल दोन शब्द. ओलं, वास येणारं, ताजं शेण टाकू नका. त्यातून हुमणीच्या, म्हणजे मुळं कुरतडणाऱ्या किडीच्या, अळ्या बागेत येतात. गवतासाठी हे दुप्पट महत्त्वाचं, कारण हुमणीला गवताची मुळं उसाइतकीच आवडतात.

गवताला खड्डा नको. एक फूट खोल खणून भुसभुशीत केलेला वाफा, चौरस फुटाला एखादी ओंजळ गांडूळखत, बस्स. जास्त खत दिलं तर पानं लुसलुशीत होतात आणि पहिल्या वादळात आडवी पडतात.

## टप्पा ६: लावणी

वळवाचा पाऊस आला म्हणून हुरळून जाऊ नका. मृगाचा पाऊस जमिनीत वितभर खाली उतरू दे, मग वाफसा बघून, म्हणजे माती ओलसर पण चिखल नसलेली असताना, लावा. ओला चिखल तुडवत लावलेल्या रोपाभोवती माती विटेसारखी घट्ट होते.

झाड. नर्सरीत रोप निवडताना उंचीकडे बघू नका. पिशवीच्या तळातून जाड मूळ बाहेर आलेलं असेल तर ते रोप जुनं आहे. बोराचं सोटमूळ एकदा पिशवीत गोल वळलं की ते झाड पुढे कधी नीट उभं राहत नाही. कलमाचा जोड कुठं आहे ते बोटाने चाचपा. जोडाखाली फूट असेल तर ती खुंटाची, म्हणजे रानबोराची. ती तिथंच खुडून घ्या.

लावताना क्रम असा:

१. रोपाला आदल्या दिवशी पाणी द्या, म्हणजे मातीचा गड्डा फुटत नाही.
२. पिशवी ब्लेडने उभी चिरून पूर्ण काढा. ‘खाली थोडी राहिली तर कुजेल’ असं माळी म्हणतात. प्लास्टिक कुजत नाही.
३. रोप पिशवीत जेवढं खोल होतं तेवढंच खोल ठेवा. कलमाचा जोड मातीच्या वर किमान चार बोटं दिसला पाहिजे.
४. माती भरून पायाच्या टाचेने हलकी दाबा. उड्या मारू नका.
५. बांबू रोपाच्या पश्चिमेला रोवा. पावसाळी वारा तिकडून येतो. सुतळी इंग्रजी आठच्या आकड्यासारखी बांधा, म्हणजे खोड घासत नाही.
६. लिंबाला दुहेरी आळं करा: खोडाभोवती आतलं छोटं वर्तुळ मातीने उंच, कोरडं, पाणी फक्त बाहेरच्या वर्तुळात.

गवत. पानं आठ इंचांवर आणि मुळं दोन इंचांवर कापा. हात धजावत नाही, पण न कापता लावलेलं गवत पानांतून पाणी गमावतं आणि आठवड्यात पिवळं पडतं. ठोंबाचा पांढरा भाग जमिनीलगत ठेवा. खोल पुरला तर कुजतो. वाळ्याची ओळ करायची तर चार ते सहा इंचांवर एकेक फुटवा. फाउंटन गवत अडीच-तीन फुटांवर. सुरुवातीला फार विरळ वाटतं. मध्ये आणखी कोंबण्याचा मोह टाळा, मध्ये हवं तर झेंडू लावा.

तपासा: लावणीनंतर आठ दिवसांनी रोप खोडाला धरून हळूच वर ओढा. सहज उचललं जात असेल तर खाली पोकळी राहिली आहे. पुन्हा माती भरून दाबा.

## टप्पा ७: पहिला पावसाळा आणि हुमणीचा फेरा

झाड आणि गवत यांची गाठ इथं पडते, आणि कोणत्याही नर्सरीत हे सांगत नाहीत. पहिल्या दमदार पावसानंतर हुमणीचे तपकिरी भुंगे संध्याकाळी जमिनीतून बाहेर पडतात आणि पाला खायला कडुनिंब, बाभूळ, बोर यांवर जमतात. तिथं मिलन होतं, पहाटे ते जमिनीत परततात आणि अंडी घालतात. जुलैपासून अळ्या गवताची मुळं कुरतडायला लागतात. म्हणजे एका वाफ्यात बोर आणि शेजारी फाउंटन गवत लावलं की भुंग्याला जेवण आणि पिल्लांना घर, दोन्ही एका अंगणात मिळालं. उसाच्या पट्ट्यात घर असेल तर हे नक्की होणार असं धरून चाला.

उपाय जुनाच आहे आणि चालतो. पावसानंतरच्या संध्याकाळी साडेसात ते साडेआठच्या दरम्यान टॉर्च घेऊन जा. झाडाखाली जुनी चादर पसरा, फांदी काठीने हलवा. भुंगे टपटप पडतात आणि पडल्यावर थोडा वेळ पाय आखडून पडून राहतात. तेवढ्यात गोळा करून रॉकेल मिसळलेल्या पाण्याच्या बादलीत टाका. लगोलग तीन-चार संध्याकाळी करा. शेजारीही उतरले तर उत्तम, कारण भुंग्याला कंपाउंड कळत नाही.

ऑगस्टमध्ये गवताचा एखादा ठोंब भर पावसात वाळायला लागला तर पाणी वाढवू नका. हाताने ओढून बघा. मुळांशिवाय सुटून हातात आला तर खाली इंग्रजी ‘सी’ अक्षरासारखी वळलेली पांढरी अळी सापडेल. ती वेचा आणि शेजारचे ठोंबही तपासा.

पावसाने ओढ दिली तर गवताला तीन-चार दिवसांनी, झाडाला आठवड्याने पाणी. उसाचं पाचट मिळत असेल तर तीन इंच आच्छादन करा, पण खोडापासून वीतभर लांब. खोडाला टेकलेल्या पाचटात वाळवी येते.

## टप्पा ८: छाटणी आणि कापणी

बोर एप्रिल-मेमध्ये, फळं संपल्यावर. बोराला फळ नव्या फुटीवर येतं, त्यामुळे छाटणी टाळली की झाड नुसतं उंच होतं आणि बोरं हाताला येत नाहीत. पहिली दोन वर्षं फक्त आकार द्या: अडीच फुटांपर्यंत एकच खोड, वर तीन-चार दिशांना फांद्या. जोडाखालून येणारी प्रत्येक फूट काढत राहा. वर्षभर दुर्लक्ष झालं तर कलम मागे पडतं आणि उमराणाच्या जागी रानबोर उभं राहतं. झाड तेच, काटे दुप्पट, बोरं वाटाण्याएवढी.

लिंबू जास्त छाटायचं नसतं. वाळलेल्या, रोगट आणि सरळ वर जाणाऱ्या जोमदार पाणफुटी काढा. पावसाळ्याआधी आणि नंतर खोडाला दोन-अडीच फुटांपर्यंत बोर्डो पेस्ट लावा: एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी. दोन्ही वेगवेगळ्या प्लास्टिकच्या बादलीत भिजवून मग एकत्र करायचे. लोखंडी बादली वापरू नका.

छाटलेल्या काट्यांचं काय करायचं ते छाटणीच्या आधी ठरवा. खाली ताडपत्री अंथरा, सिकेटरने फांद्यांचे वीतभर तुकडे करा, ताडपत्रीसकट उचला. अंगणात राहिलेला एक तुकडाही स्कूटीच्या टायरला सापडतो. काटा खोल रुतून सांध्याजवळ सूज आली तर हळद लावून वाट बघू नका, डॉक्टरला दाखवा आणि धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं ते सांगा.

गवत फेब्रुवारीअखेर. तेव्हा तुरे झडलेले असतात आणि वणव्याचे दिवस सुरू होतात. आधी ठोंबाला कमरेएवढ्या उंचीवर सुतळीचे दोन वेढे देऊन घट्ट बांधा. मग जमिनीपासून पाच-सहा इंचांवर धारदार विळ्याने कापा. पेंढी उभीच्या उभी उचलली जाते, बागभर कचरा होत नाही. पंपास कापताना पूर्ण बाह्या, चामडी हातमोजे आणि चष्मा.

सावधान: भर पावसात गवत कापू नका. कापलेल्या पोकळ देठांत पाणी भरून ठोंब मधूनच कुजतो. आणि ‘पेटवून दिलं की छान फुटतं’ हा माळरानाचा सल्ला घराशेजारी वापरू नका.

तिसऱ्या पावसाळ्यात ठोंबाच्या मध्यभागी टक्कल पडलेलं दिसेल. ते म्हातारपण आहे, रोग नव्हे. पहिल्या पावसानंतर ठोंब पहारीने उचला, कुऱ्हाडीने चार भाग करा, मधला वाळका भाग टाका आणि कडेचे जिवंत तुकडे लावा. उरलेले वाटायला होतात.

## टप्पा ९: आधीच चुकीचं लावलं असेल तर

भिंतीजवळचं झाड एक-दोन वर्षांचं असेल तर यंदाच्या जूनमध्ये हलवता येईल. महिनाभर आधी खोडापासून फूटभर अंतरावर चारी बाजूंनी कुदळीने मुळं कापून ठेवा, निम्मा पाला छाटा, मग गोणपाटात गड्डा बांधून उचला. लिंबू बऱ्याचदा जगतं. बोराचं सोटमूळ तुटतं, त्यामुळे ते हलवण्यापेक्षा नवं रोप लावलेलं स्वस्त.

झाड मोठं झालं असेल तर भिंतीच्या बाजूच्या फांद्या दरवर्षी आखडत राहा आणि त्या बाजूला पाणी-खत देणं बंद करून उलट्या बाजूला द्या. मुळं ओलीच्या दिशेने वाढतात.

सावलीत लावलेलं गवत खणून उन्हात न्या, जून ते ऑगस्टमध्ये कधीही. पाणी तुंबणाऱ्या जागी पिवळं पडणारं लिंबू असेल तर आधी त्या जागेतून वीतभर खोल चर काढून पाणी बाहेर घालवा, खोडाभोवतीची माती मूळ पातळीपर्यंत मागे ओढा, डिंक आलेली साल चाकूने खरवडून तिथं बोर्डो पेस्ट लावा. पुढच्या बहारापर्यंत नवी पालवी आली नाही तर परवानगीचा अर्ज करा. ती येईपर्यंत चराच्या कडेने वाळ्याची ओळ लावून घ्या.